दळव्यांची दोन मापं

दळव्यांना किती वाजले हे विचारू नये. मी नवीन होते तेव्हा एकदा विचारलं. त्यांनी आधी डाव्या हाताची बाही वर केली आणि तिथलं घड्याळ बघितलं. मग उजव्या हाताची बाही वर केली आणि तिथलंही बघितलं. दोन्ही हात समोर धरून जरा वेळ विचारात पडले आणि म्हणाले, “डावं म्हणतं एकला पाच कमी. उजवं म्हणतं एक वाजला. आता तू ठरव.” मला डबा उघडायचा होता, म्हणून मी उजव्यावर विश्वास ठेवला.

आमचं हॉस्पिटल परळला, डोळ्यांचं. ट्रस्टचं आहे, त्यामुळे गर्दी बारा महिने. मी तिथे काउन्सेलर आहे. म्हणजे मोतीबिंदूच्या पेशंटला ऑपरेशनात काय होणार, कुठली लेन्स बसणार, डोकं कधीपासून धुवायचं, पोळ्या कधीपासून लाटायच्या हे समजावून सांगणारी बाई. माझ्यासमोरच्या खोलीत दळवी बसतात आणि लोकांचे डोळे मोजतात. चष्म्याचा नंबर काढणारे वेगळे. दळवी मोजतात ती डोळ्याची लांबी, बुबुळापासून मागच्या पडद्यापर्यंतची.

ती कशाला मोजायची, असं मला रोज कोणीतरी विचारतं. मोतीबिंदू काढला की आत लेन्स बसवायची असते आणि तिची ताकद डोळ्याच्या लांबीवर ठरते. मोजण्यात एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी माणसाच्या नाकावर पुन्हा जाड चष्मा येतो. मी हे सगळं नीट समजावते. दळवी एका वाक्यात सांगतात, “एकाच्या शब्दावर डोळा उघडायचा नाय.”

हे वाक्य त्यांना सगळीकडे चालतं. बाजारात, लग्नात, रस्त्यात. लालबागच्या बाजारात कोलंबी घ्यायला जातात तेव्हा पिशवीत स्वतःचा ताणकाटा असतो. तिथली एक कोळीण त्यांना बघितलं की ओरडते, “आला बघ. दळवी, तुला मासळी नको, माझा काटा पायजे. तोच घेऊन जा घरी.” दळवी हसून दोनदा वजन करतातच. जन्म भोईवाड्यातला, पण परळमध्ये कुठे जायचं तरी रस्ता दोघांना विचारणार. दोघांनी वेगळं सांगितलं की तिसऱ्याला विचारायचं नाही, हाही नियम. तिसरा आला की निवडणूक होते, म्हणतात.

एकदा आमच्या वॉर्डबॉयला कणकण वाटत होती. दळव्यांनी ड्रॉवरमधून दोन थर्मामीटर काढले. एकाने ताप आहे म्हटलं, दुसऱ्याने नाही म्हटलं. दळव्यांनी त्याला अर्धा दिवस घरी पाठवायची शिफारस केली, आणि आमच्या सिस्टरांनी कपाळाला हात लावत ती मान्य केली.

ही खोड आली कुठून, तर वडिलांकडून. वडील गिरणीत होते, कापड मोजून घड्या घालायच्या खात्यात. यंत्राने मोजलेला तागा ते हाताने पुन्हा मोजायचे. यंत्राला डोळे नसतात आणि माणसाला झोप असते, म्हणून दोघांनी मोजायचं, असं त्यांचं म्हणणं. गिरणी गेली, मोजणी राहिली. आमच्या नायगावच्या घरात वडिलांचं एकच माप होतं, शाळेचा निकाल, आणि तो दोनदा बघायची कोणाची छाती नव्हती. त्यामुळे दळव्यांच्या या मोजामोजीचं मला सुरुवातीला हसू यायचं. मग चिडचिड व्हायला लागली. मग सवय झाली, आणि आता त्यांची रजा असली की माझा दिवस सपक जातो.

तर त्यांच्या खोलीत दोन मशीन आहेत. जुनं मशीन आवाजाचं. डोळ्यात बधिर करणारे थेंब घालायचे, पेनासारखी एक नळी बुबुळाला हलकेच टेकवायची. आवाज आत जातो, पडद्यावर आपटून परत येतो, त्यावरून लांबी कळते. नवं मशीन उजेडाचं. हनुवटी टेकवा, कपाळ टेकवा, समोरच्या लाल दिव्याकडे बघा, झालं काम. डोळ्याला हात लावायचा नाही. दळवी जुन्याला सासूबाई म्हणतात आणि नव्याला सूनबाई. सासू जवळ घेऊन बघते, सून लांबून बघते, दोघींचं पटलं तर घर चालतं, असं ते पेशंटला ऐकवतात. मी यावर नाक मुरडते. पेशंट मात्र हसतात आणि हसताना डोळे घाबरायचे थांबतात.

नवं मशीन आलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता जुनं भंगारात जाणार. तेवढ्यात आमच्या रेटिनाच्या डॉक्टरबाईंनी, ज्यांना सगळे नुसतं मॅडम म्हणतात, एक अभ्यास काढला. निरोगी डोळ्यात दोन्ही मशीनचं बहुतेक जुळतं. पण ज्यांचा पडदाच आजारी आहे, कुठे सुजलाय, कुठे भोक पडलंय, कुठे सुटून आलाय, त्यांच्यात काय होतं? अशा प्रत्येक पेशंटचं, त्याची हरकत नसेल तर, दोन्हीकडे माप घ्यायचं आणि कुठे फरक पडतो ते बघायचं. हे काम दळव्यांवर आलं. आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी लोक हसले तीच गोष्ट करायचा मॅडमचा हुकूम झाला होता. त्या दिवशी दळवी कॅन्टीनमध्ये नवरदेवासारखे बसले होते.

फरक का पडतो, हे मी त्यांना एकदा विचारलं. मला मोतीबिंदू कळतो, पडद्यातलं फारसं कळत नाही. दळवी म्हणाले, “चाळीत पावणे येतात बघ. आवाज दारावरनंच परत जातो. उजेड आत येऊन चहा पिऊन जातो. दार सुजून पुढं आलं तर आवाज आधीच माघारी. मग दोघांनी चाललेलं अंतर सारखं कसं येणार?” मी हे मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणाल्या, बरोबर आहे, फक्त चहा मी कुठे लिहिणार नाही.

पण नव्या मशीनची खरी अडचण वेगळीच होती. पडद्याचा मधला भाग गेलेल्या माणसाला लाल दिवा दिसतच नाही. आणि आमचे पेशंट खोटं बोलतात. दिसतो का विचारलं की ताबडतोब हो म्हणतात, कारण नाही म्हटलं तर ऑपरेशन करणार नाहीत अशी भीती. मग डोळा भलतीकडे, माप तिरपं. दळवी हे बरोबर पकडायचे. नजर जराशी सरकली तरी त्यांना कळायचं. मग ते म्हणायचे, “दिवा राहू दे. माझ्या आवाजाकडे बघा.” आणि मशीनच्या मागून बोलत सुटायचे. गाव कुठलं, गावाला आंबा धरला का, एसटी अजून शाळेपर्यंतच जाते का. माणूस गावाच्या ओढीने त्या आवाजाकडे डोळे लावून बसायचा आणि दळवी हळूच माप घ्यायचे. बाहेर रांगेत लोक कुरकुरायचे की आत मोजतात की गप्पा मारतात. दोन्ही, असं मी सांगायची.

अशात एक दिवस ते सुलभाकाकींना घेऊन आले. काकी म्हणजे दळव्यांची बायको. त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग फार पूर्वीच गेला होता. इंजेक्शनं झाली, लेझर झालं, करण्यासारखं सगळं करून झालं. मधे काळा डाग आणि कडेने काय दिसेल ते, एवढ्यावर काकींनी इतकी वर्षं संसार केला. भाकऱ्या केल्या, तांदूळ बोटांनी निवडले, चाळीचा जिना वरखाली केला. आता त्यावर मोतीबिंदू आला होता आणि कडाही धुरकट व्हायला लागल्या होत्या. दूध भांड्याबाहेर ओतलं जायला लागलं. जिना उतरायचं त्यांनी बंद केलं. मॅडमनी स्पष्ट सांगितलं की मधलं परत येणार नाही, पण कडा स्वच्छ होतील, आणि काकींना तेवढ्या कडाच उरल्या आहेत.

मी मनात म्हटलं, आता आठवड्यात ऑपरेशन होणार. कसलं काय. दळव्यांनी बायकोचा डोळा मोजला आणि अडकले. सासूबाई एक आकडा सांगत होती, सूनबाई दुसरा. फरक एवढा की पडद्याच्या आजाराच्या हिशोबातही बसेना. वर सूनबाई दर खेपेला नवा आकडा सांगायची. दळव्यांनी कंपनीच्या माणसाला बोलावलं. त्याने मशीन उघडलं, तपासलं, नमुन्याचा डोळा लावून दाखवला, सगळं ठीक. जाताना त्याने दळव्यांच्या दोन्ही मनगटांकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

मॅडम म्हणाल्या, जुन्याचं माप धरू आणि पुढे जाऊ. दळवी नाही म्हणाले. दुसऱ्या टेक्निशियनने मोजून बघितलं, तरी तेच. काकींना मी स्वतः विचारलं, दिवा दिसतो का. त्या त्यांच्या मालवणीत म्हणाल्या, दिसता. आणि काकी खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या, त्यांना खरोखरच दिसत होता. म्हणजे आवाजाकडे बघायला सांगायचाही प्रश्न नव्हता. ऑपरेशन पुढे गेलं, पुन्हा पुढे गेलं. दळवी वाळायला लागले. पेशंटशी गावाच्या गप्पा कमी झाल्या. आणि मला त्यांचा राग यायला लागला. इतर पेशंटच्या बाबतीत दोन मापांत फरक आला की मॅडम ठरवतात आणि हे ऐकतात. घरच्या माणसाच्या बाबतीत मात्र ह्यांचा नियम त्या बिचारीला धुक्यात बसवून ठेवत होता.

एका रविवारी मी भोईवाड्याला त्यांच्या घरी गेले. म्हटलं, जरा कानउघाडणी करून येऊ. काकींनी घावणे केले होते. हाताला सवय असली तरी तव्याच्या कडेला बोट लागलं, ते त्यांनी गुपचूप पदरात धरलं. माझ्याशी बोलताना त्या माझ्या खांद्यापलीकडे बघत होत्या, त्याचं मला काही वाटलं नाही, बुजत असतील. पण दळवी समोर येऊन बसले की त्या तोंड वळवायच्या. चांगलं वळवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायच्या आणि कॅलेंडरकडे बघूनच त्यांच्याशी बोलायच्या. मी समजले. नवराबायकोचं ऑपरेशनवरून वाजलंय.

मधेच काकींनी विचारलं, किती वाजले. मी मनात म्हटलं, आता दोन्ही बाह्या वर होणार. दळव्यांनी फक्त डावं मनगट बघितलं आणि साडेअकरा झाले असं सांगून टाकलं. उजव्याकडे ढुंकून बघितलं नाही.

ते मला नाक्यापर्यंत सोडायला आले तेव्हा मी आधी तेच विचारलं. ते म्हणाले, “तिला दोन सांगून काय करू? आम्ही बघून ठरवू शकतो. तिने कशावरून ठरवायचं?”

हे ऐकून खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. पण मी कानउघाडणीची तयारी करून आले होते आणि तयारी वाया घालवायचा माझा स्वभाव नाही. मी म्हटलं, “काका, काकी रागावल्यात तुमच्यावर. तुम्ही ऑपरेशन लांबवताय. तुमच्याकडे बघत पण नाहीत त्या.”

“कोण, सुलभा? माझ्याकडेच तर बघत होती.”

“कॅलेंडरकडे बघत होत्या. पूर्ण वेळ.”

“मग तेच म्हणतो मी. कॅलेंडरकडे बघितलं की मी दिसतो तिला.” दळवी सहज म्हणाले. “सरळ बघितलं की मी त्या डागात जातो. म्हणून ती बाजूला बघते, मग कडेने...”

आणि ते रस्त्यात थांबले. मागून टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता, मी त्यांना बाजूला ओढलं. कडेला येताच ते म्हणाले, “उज्ज्वला, ती दिव्याकडे पण तशीच बघत असणार गं.”

काकींना दिवा दिसत होता, कारण त्या दिव्याकडे बघतच नव्हत्या. त्या बाजूला बघत होत्या, कधी डावीकडे, कधी वर, आणि मशीन बिचारं प्रत्येक वेळी त्या तिरप्या डोळ्याची वेगळीच लांबी सांगत होतं. कुठल्याही पेशंटची नजर तसूभर सरकली तरी ओळखणाऱ्या माणसाला बायकोची नजर सरकलेली कळली नव्हती. कळणार कशी? इतकी वर्षं ती त्यांच्याकडे तशीच बघत आली होती. त्यांच्या लेखी तीच सरळ नजर होती. दळवी मला अच्छा न म्हणताच घराकडे वळले आणि चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी ते काकींना घेऊन आले. मला म्हणाले, तू दारात थांब. खोलीत अंधार होता. काकींनी हनुवटी टेकवली, कपाळ टेकवलं. दळवी मशीनच्या मागे बसले. एरवी आमच्याशी मुंबईचं बोलणारे दळवी काकींशी मालवणीतच बोलतात.

“दिवो दिसता?”

“दिसता.”

“आता त्येका बगू नको. कायच बगू नको. माझ्या आवाजाकडे डोळे ठेव.”

मशीनच्या स्क्रीनवर काकींचा डोळा हळूहळू मधे येत होता, आणि मधे आला की झटकन पुन्हा बाजूला पळत होता. दोनतीनदा असं झालं. मग त्या म्हणाल्या, “तसा बगलंय की तुमी जातास.”

दळवी म्हणाले, “खंय जातंय मी? हंयच आसंय.”

आता बोलत राहायला हवं होतं, आवाज थांबला की नजर सुटणार. पण जगाला गाव विचारणाऱ्या माणसाला बायकोला काय विचारावं ते सुचेना. तिचं गाव त्यांना माहीत, आंबा माहीत, एसटी माहीत. शेवटी ते स्वतःबद्दलच सांगायला लागले. निळा शर्ट घातलाय. वरचं बटण तुटलंय ते तसंच आहे. चष्मा नाकावर खाली आलाय. केस पुढून गेलेत, मागून आहेत. आज दाढी केलीय. सरळ बघताना त्या डागात तिला त्यांचं जे जे हरवत होतं ते ते सगळं, एकेक करून, ते तिला सांगत होते. काकींचा डोळा मधे आला आणि मधेच राहिला. त्याच्यातून पाणी येत होतं. डोळा मोजताना पाणी आलं की दळवी पेशंटला रागावतात, पुसून पुन्हा करावं लागतं. या वेळी त्यांनी नुसता रुमाल पुढे केला आणि पुन्हा शर्टापासून सुरुवात केली.

मग दळव्यांनी सासूबाईवरही एकदा घेतलं. दोन्ही मापं जवळ आली. मॅडमनी बघितली, पडद्याचा आजार धरून एवढा फरक राहणारच म्हणाल्या, आणि ऑपरेशनचा दिवस दिला. दळवी बाहेर येऊन माझ्यासमोर बसले. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलतील. त्यांनी माझ्या डब्यातली सुक्या बोंबलाची चटणी मागितली.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायची होती. मॅडम होत्या, एक नवीन शिकाऊ डॉक्टर होती, मी होते, आणि दळवी भिंतीला टेकून उभे होते. पट्टी निघाली, थेंब घातले, काकींनी डोळा उघडला. दोनचारदा मिटला, उघडला. मग त्यांनी मान वळवली आणि खिडकीकडे बघायला लागल्या.

शिकाऊ डॉक्टर प्रेमाने म्हणाली, “आजी, काका इकडे आहेत. इकडे बघा ना.” मॅडमनी तिच्या हातावर हात ठेवला.

काकी खिडकीकडेच बघत राहिल्या. “माका ठावक आसा,” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “दाढी करूक नाय तुमी आज?”

दळव्यांनी गालावर हात नेला. गालावर पांढरे खुंट होते. हे त्यांनी तिला सांगितलं नव्हतं, तिचं तिला दिसलं होतं. दुसरा कोणी नवरा असता तर पुढे होऊन बायकोचा हात धरला असता. दळवी जागचे हलले नाहीत. भिंतीजवळच्या त्या जागेवर आपण तिला दिसतोय, हे त्यांना कळलं होतं, आणि ती जागा त्यांना सोडायची नव्हती. गालावरचा हातही त्यांनी खाली घेतला, चेहऱ्याच्या आड येत होता म्हणून. खिडकीकडे तोंड करून काकी त्यांना बघत बसल्या, आणि मॅडमनी आम्हा दोघींना खुणेने बाहेर काढलं.